रानातली आजी आणि औषधवाल्याची मुलगी

१९६२ सालच्या ‘द वंडरफुल वर्ल्ड ऑफ द ब्रदर्स ग्रिम’ या चित्रपटात एक प्रसंग आहे. रानात राहणारी एक म्हातारी मुलांना भोवती बसवून गोष्ट सांगते आहे आणि विल्हेल्म ग्रिम बाहेर लपून, भान हरपून ती ऐकतो आहे. ज्या कामासाठी तो आला ते काम राहून गेले आहे. मार्टिटा हंट या अभिनेत्रीने ही आजी अशी उभी केली आहे की परीकथा म्हटले की आपल्या मनात जे चित्र आपोआप उमटते, तेच पडद्यावर आल्यासारखे वाटते.

मित्रहो, आजचा धागा या प्रसंगाविषयी आहे. माझे मत आरंभीच मांडते. या चित्रपटात नाचणाऱ्या राजकन्या आहेत, ड्रॅगन आहे, रात्री येऊन जोडे शिवणारे बुटके आहेत. पण त्यातली सर्वांत मोठी कल्पित गोष्ट ही आजी आहे. आणि ती हॉलिवूडने रचलेली नाही. ती स्वतः ग्रिम बंधूंनी रचली. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम चित्रपटाची थोडी ओळख. मेट्रो-गोल्डविन-मायरने तो सिनेरामा या पद्धतीत काढला. तीन फिती, तीन प्रक्षेपक आणि प्रेक्षकाला जवळजवळ वेढून टाकणारा अर्धवर्तुळाकार पडदा, असा हा प्रकार होता. १९५२ पासून या पद्धतीत मुख्यतः प्रवासपट निघत होते. तीन फितींच्या सिनेरामात सलग कथानक सांगणारे चित्रपट दोनच झाले. एक हा आणि दुसरा ‘हाउ द वेस्ट वॉज वन’. दिग्दर्शन हेन्री लेविनचे, परीकथांचे भाग मात्र जॉर्ज पालचे. पाल मूळचा हंगेरीचा, बाहुल्यांच्या चलत्चित्रांतला उस्ताद. चांभाराच्या कथेतले बुटके त्याच्या हातचे आहेत आणि आजही ते पाहताना संगणकाची आठवण येत नाही. विल्हेल्मच्या भूमिकेत लॉरेन्स हार्वी, याकोबच्या भूमिकेत कार्ल ब्योम. वेशभूषेचे ऑस्कर मेरी विल्सला मिळाले. २०२२ साली या चित्रपटाची डागडुजी केलेली नवी प्रत आली. तीन फितींचे सांधे त्यात जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. जमल्यास तीच पाहावी.

अशा चित्रपटावर इतिहासप्रेमी मंडळी चुका मोजत बसतात. त्या मोजणे सोपे आहे. चित्रपटात विल्हेल्म बायको-मुलांचा संसार सांभाळत गोष्टी गोळा करतो. प्रत्यक्षात त्याचे लग्न १८२५ साली झाले, तेव्हा संग्रहाची दुसरी आवृत्ती निघूनही सहा वर्षे उलटली होती. चित्रपटात याकोब ग्रेटा नावाच्या तरुणीच्या प्रेमात पडतो; खरा याकोब अविवाहित राहिला आणि आयुष्यभर भाऊ-भावजयीच्याच घरात राहिला. ते वातावरण दाखवायला चित्रीकरण रोटेनबुर्गसारख्या बव्हेरियातल्या गावांत झाले; भाऊ हेसेचे. या यादीत मला विशेष रस नाही. बखरीतला मजकूर अस्सल कागदांशी जुळत नाही म्हणून आपण बखर फेकून देत नाही. ती कुणासाठी लिहिली आणि तिला कोणती गोष्ट खरी असायला हवी होती, हे आपण विचारतो. चित्रपटालाही तेच विचारावे.

तर, चित्रपटातल्या तीन कथा: नाचणारी राजकन्या, चांभार आणि बुटके, गाणारे हाड. या तिन्ही ग्रिम बंधूंना प्रत्यक्षात कुणी सांगितल्या?

यासाठी कासेल शहरात जावे लागते. १८०७ पासून कासेल ही वेस्टफालिया या नव्या राज्याची राजधानी होती आणि गादीवर होता नेपोलियनचा धाकटा भाऊ जेरोम. वडील १७९६ सालीच वारलेले, आई १८०८ मध्ये गेली, पाठीवर धाकटी भावंडे. मोठा याकोब याच फ्रेंच राजाचा ग्रंथपाल म्हणून नोकरीला लागला. दिवसा परक्या राजाची पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जर्मन लोकांच्या गोष्टी टिपायच्या, असा तो काळ. या संग्रहाचा राजकीय अर्थ समजून घ्यायचा तर ही नोकरी विसरून चालत नाही.

ग्रिम कुटुंब राहत होते त्या गल्लीत समोरच रुडोल्फ विल्ड नावाच्या औषधविक्रेत्याचे घर होते. सुखवस्तू, मुलींनी भरलेले. त्या मुलींची आणि ग्रिमांची बहीण लोटे हिची मैत्री. या घरातून भावांना कथांमागून कथा मिळाल्या. ‘गाणारे हाड’ सांगितली डोर्टशेन विल्ड या मुलीने, १८१२ साली. तेव्हा तिने विशीही ओलांडलेली नव्हती. चांभाराच्या घरी येणाऱ्या बुटक्यांची गोष्टही याच विल्ड घरातली. नाचून नाचून जोडे झिजवणाऱ्या राजकन्यांची कथा १८१५ च्या दुसऱ्या खंडात आली. ती म्युन्स्टर भागातली आणि भावांपर्यंत पोहोचली ती हाक्सटहाउझेन या उमराव घराण्याच्या वर्तुळातून.

म्हणजे चित्रपटाने निवडलेल्या तीन कथांमागे रानातली एकही म्हातारी नाही. आहेत त्या शहरातल्या आणि गढीवरच्या, लिहितावाचता येणाऱ्या घरांतल्या.

हे आपल्याला कळते कसे? पहिल्या आवृत्तीची आपली स्वतःची प्रत भावांनी जपून ठेवली होती आणि तिच्या समासात ते नोंदी करीत: कुणी सांगितली, कधी, कुठे. बागेत, शेकोटीपाशी, अमुक तारखेला. डोर्टशेनचे नाव त्या समासांत अनेकदा येते. या हाताळलेल्या प्रती कासेलमध्ये आहेत आणि २००५ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक स्मृतिठेव्यात समावेश केला. छापील टिपांत मात्र बहुतेक ठिकाणी ‘हेसेमधून’, ‘म्युन्स्टर भागातून’ अशी प्रदेशाची नावे आहेत, माणसांची नाहीत. समास एक सांगतो आणि छापील पान दुसरेच सांगते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबायचे ते अशाच जागी.

मग आजी आली कुठून? ती एका खऱ्या स्त्रीवरून आली. तिचे नाव डोरोथेआ फीमान. जन्म १७५५, कासेलजवळच्या नीडरत्स्वेरेन गावात राहणारी, बाजारात भाजीपाला विकायला येणारी. तिने भावांना जवळपास चाळीस कथा दिल्या आणि दुसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी तिचे मनापासून कौतुक केले: कथा तिच्या तोंडी पक्क्या आहेत, आधी ती मोकळेपणी सांगते, विनंती केल्यास सावकाश पुन्हा सांगते आणि एक शब्द बदलत नाही. १८१९ च्या आवृत्तीत धाकटा भाऊ लुडविग एमिल याने काढलेले तिचे चित्र मुखचित्र म्हणून छापले गेले. डोक्यावर टोपी, सुरकुतलेला चेहरा, शांत डोळे. हीच ती आजी. मार्टिटा हंटपर्यंत जे चेहरे आले, ते सारे या चित्राचे वंशज आहेत.

प्रस्तावनेत तिला शेतकरीण म्हटले आहे. ती शेतकरीण नव्हती. ती एका शिंप्याची बायको होती आणि हमरस्त्यावर खानावळ चालवणाऱ्याची मुलगी. गाडीवान, शिपाई, फिरते व्यापारी यांच्या तोंडच्या गोष्टी ऐकत ती वाढली असणार. शिवाय तिचे पितृकुल फ्रान्समधून आलेल्या ह्युगेनो, म्हणजे धर्मछळामुळे १६८५ नंतर पळून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांचे. ज्या स्त्रीला अस्सल जर्मन मातीची प्रतिनिधी म्हणून मुखपृष्ठामागे बसवले, तिच्या पणजोबांच्या घरात फ्रेंच बोलली जात असावी! यात तिचा काही कमीपणा नाही. उलट मला तर खानावळीतली ही मुलगी त्या काल्पनिक शेतकरणीपेक्षा कितीतरी जिवंत वाटते.

हासेनफ्लूग घराची कथा याहून बोलकी आहे. आईच्या बाजूने हेही ह्युगेनो आणि घरात फ्रेंचचा वावर. या घरातल्या मुलींनी सांगितलेल्या कथांत लाल टोपीवाल्या मुलीची कथा आहे. ती शार्ल पेरोने १६९७ सालीच पॅरिसमध्ये छापली होती. ‘बुटातले मांजर’ आणि ‘निळी दाढी’ या कथा १८१२ च्या खंडात होत्या, पण त्यांचे फ्रेंच वळण फारच उघड म्हणून पुढच्या आवृत्तीतून गाळल्या गेल्या. म्हणजे भावांना अडचण दिसत होती.

पुढे विल्हेल्मच्या मुलाने, हेर्मान ग्रिमने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समासातल्या ‘मारी’ या नावाचा उलगडा असा केला की ती विल्डांच्या घरातली म्हातारी मोलकरीण, म्हातारी मारी. पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांनी हे मान्य केले, कारण ते ऐकायला बरोबर वाटत होते. १९७५ साली हाइन्झ र्‍योलेके या अभ्यासकाने तारखा आणि नोंदी ताडून दाखवून दिले की ही मारी म्हणजे मारी हासेनफ्लूग, सुखवस्तू घरातली तरुण मुलगी. म्हातारी मोलकरीण सगळ्यांना हवी होती, म्हणून ती सापडली. पाऊणशे वर्षे ती पुस्तकांत सुखाने नांदली.

तिची गरज का होती? नेपोलियनच्या सत्तेखाली जर्मन म्हणावे असे एक राज्य नव्हते. छोटीमोठी संस्थाने होती आणि त्यांतली कित्येक पॅरिसच्या तालावर चालत होती. राज्य नसेल तर लोक आहेत, आणि लोक आहेत याचा पुरावा त्यांच्या तोंडच्या गोष्टी आहेत, असा विचार त्या पिढीने केला. तो पुरावा शुद्ध ठरायचा असेल तर सांगणारी निरक्षर हवी, वृद्ध हवी, गावाबाहेर न गेलेली हवी. फ्रेंच कादंबऱ्या वाचणारी औषधवाल्याची शेजारीण त्या साच्यात बसत नाही. मी याला लबाडी म्हणणार नाही. भावांनी समासात खरी नावे लिहून ठेवली, ती खोडली नाहीत. पण छापील पानावर काय जावे आणि समासात काय राहावे, हा निवाडा त्यांनी केला आणि तो राजकीय होता.

आता चित्रपटाकडे परत येऊ. त्यात डोरोथेआ ग्रिम आहे. क्लेअर ब्लूमसारखी समर्थ अभिनेत्री ती भूमिका करते. आणि तिच्या वाट्याला काय आले? घरखर्चाची काळजी, नवऱ्याच्या छंदाविषयीची समजूतदार सहनशीलता, आजारपणात उशाशी बसणे. ही डोरोथेआ म्हणजेच डोर्टशेन विल्ड! विल्हेल्मची बायको होण्याच्या कितीतरी आधी जिने त्याला गोष्टी दिल्या, ती. पडद्यावर तिचा नवरा कथेच्या शोधात रानोमाळ हिंडतो आणि कथा सांगणारी घरात स्वयंपाक करते आहे, हे चित्रपटाला ठाऊकच नाही. मला या चित्रपटाचा राग येतो तो एवढ्यासाठीच. ड्रॅगनबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

यावर कुणी म्हणेल की १९६२ सालच्या हॉलिवूडकडून ही अपेक्षा कशी करावी. र्‍योलेकेचा शोधही तेव्हा लागायचा होता. मारीबद्दल हे म्हणणे खरे आहे. डोर्टशेनबद्दल नाही. ती कथा सांगत होती हे तिच्या मुलानेच आधी लिहून ठेवले होते. माहिती होती, ती कथानकात बसली नाही. कलावंत पुरुष, त्याची प्रेरणा बाहेर कुठेतरी रानात आणि त्याचे ओझे घरात, हा साचा इतका घट्ट आहे की त्यात प्रेरणा आणि घर एकाच स्त्रीच्या ठिकाणी असू शकतात हे मावत नाही.

एका बाबतीत मात्र चित्रपट भावांशी प्रामाणिक आहे, कदाचित नकळत. ‘गाणारे हाड’ या कथेत मूळ प्रसंग असा: राज्याला छळणाऱ्या रानडुकराला धाकटा भाऊ मारतो, थोरला मत्सराने त्याचा खून करून पुलाखाली पुरतो, श्रेय घेतो, राजकन्येशी लग्न करतो. पुष्कळ वर्षांनी एका धनगराला वाळूत एक पांढरे हाड दिसते. तो त्याची आपल्या शिंगाला फुंकणी करतो आणि फुंकताच ते हाड आपल्या खुनाची हकिकत गाऊ लागते. थोरल्याला पोत्यात शिवून पाण्यात बुडवतात. धाकट्याची हाडे चर्चच्या आवारात पुरतात. संपले. मेलेला परत येत नाही.

चित्रपटात रानडुकराचा रत्नजडित ड्रॅगन होतो, दोन भावांचे सरदार आणि नोकर होतात (टेरी-थॉमस आणि बडी हॅकेट, दोघेही धमाल), आणि शेवटी नोकर जिवंत होऊन मालकालाच चाकरीला ठेवतो. गोष्ट गोड झाली. पण असे गोड करण्याची रीत विल्हेल्मचीच. १८१२ मध्ये हिमगौरीला मारायला निघालेली स्त्री तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. रापुन्झेल पहिल्या आवृत्तीत निरागसपणे विचारते की आपले कपडे घट्ट का होऊ लागले. पुढच्या आवृत्तीत हा प्रश्न नाहीसा झाला, मुले वाचणार म्हणून. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत विल्हेल्म वाक्ये घडवत राहिला. ज्याला आपण लोककथेचा सूर समजतो, तो बऱ्याच अंशी त्याच्या लेखणीचा सूर आहे. तेव्हा जॉर्ज पालने विल्हेल्मच्या कथांवर विल्हेल्मचाच प्रयोग केला, एवढेच. तरीही मेलेल्याला जिवंत करून पालने कथेचा कणा काढून घेतला असे मला वाटते. धनगर आपली धून वाजवायला जातो आणि हाड आपली वाजवते. त्या साक्षीला किंमत आहे ती साक्षीदार परत येणार नाही म्हणून.

शेवटच्या प्रसंगाविषयीही थोडे. चित्रपट बर्लिनमध्ये संपतो. याकोबचा त्याच्या विद्वत्तेसाठी सन्मान होणार आहे, विल्हेल्म मागे पडल्यासारखा उभा आहे आणि तेवढ्यात मुलांचा घोळका येऊन त्याला गोष्ट मागतो. डोळे पाणावतात, हे कबूल. पण भाऊ बर्लिनला गेले कसे? १८३७ मध्ये हानोव्हरच्या राजाने संविधान गुंडाळले, तेव्हा ग्यॉटिंगेन विद्यापीठाच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. त्यांत दोघेही भाऊ होते. सातही जणांच्या नोकऱ्या गेल्या आणि याकोबला तीन दिवसांत राज्य सोडावे लागले. उपजीविकेसाठी पुढच्या वर्षी त्यांनी जर्मन भाषेच्या शब्दकोशाचे काम पत्करले. बर्लिन मिळाले ते त्यानंतर. विल्हेल्म १८५९ मध्ये वारला, याकोब १८६३ मध्ये, कोश फ अक्षरापर्यंत आलेला असताना. तो पूर्ण झाला १९६१ साली, ग्यॉटिंगेन आणि पूर्व बर्लिन इथल्या अभ्यासकांच्या हातून. त्याच वर्षी बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी हा चित्रपट पडद्यावर आला. राज्य दुभंगलेले असताना शब्दकोश मात्र दोन्ही बाजूंनी मिळून संपवला! एवढे नाट्य समोर असताना चित्रपटाने भावांना स्वप्नाळू आणि अभ्यासू अशा दोन बाहुल्या करून ठेवले, ही मला खरी कंजुषी वाटते.

डोर्टशेन १८६७ मध्ये वारली. दुसऱ्याच वर्षी, १८६८ मध्ये, लंडनला एक पुस्तक निघाले आणि त्याचा संबंध थेट आपल्या मुलखाशी आहे. ‘ओल्ड डेक्कन डेज’. लेखिका मेरी फ्रीअर, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांची मुलगी. १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दक्षिण मराठा प्रदेशाच्या दौऱ्यावर असताना तिने आपल्या आयेकडून या कथा ऐकून इंग्रजीत उतरवल्या. वसाहतीच्या काळातले पुस्तक, गव्हर्नरची मुलगी, नोकरीतली बाई. सत्तेचा तोल कुठे होता हे सांगायला नको. मुखपृष्ठावर नावही फ्रीअरचेच.

पण आत एक स्वतंत्र प्रकरण आहे, सांगणारीच्या स्वतःच्या हकिकतीचे. आपले घराणे मूळ लिंगायत, ते गोव्याला येऊन ख्रिस्ती कसे झाले, गोष्टी सांगणारी आजी कशी होती, स्वतःला पोटासाठी चाकरी कशी करावी लागली, हे सगळे ती त्यात सांगते. ती रानात राहत नाही, ती कुठल्या मातीचे प्रतीक नाही, तिला तिच्या पगाराची आणि मुलांची चिंता आहे. तिचे नाव ॲना लिबराटा डिसूझा, आणि ते समासात नाही, छापील पानावर आहे.